उद्या टक्कर नाही

लियाकतभाई भोरातल्या घराच्या ओट्यावर बसून चपलांची धूळ झटकत होते आणि आत झुबेदाबींचा जीव थाऱ्यावर नव्हता. सात वर्षांनी नवरा नसरापूरला निघाला होता. थोरल्या लेकीकडं, सबिहाकडं.

सबिहानं आपल्या मर्जीनं जीपवाल्या एहसानशी निकाह लावला आणि बापानं तिचं नाव टाकलं. लियाकतभाईंचं गॅरेज कापूरहोळच्या फाट्यावर, लेकीचं घर तिथून दहा मिनिटांवर. पण हा माणूस तिकडं कधी वळला नाही. तिला मुलगी झाली, नात शाळेत जायला लागली, तरी नाही. धाकटी फौजिया समजावून समजावून थकली. हट्टाला औषध नाही म्हणतात, ते काय खोटं?

मग दोन हजार आठच्या सप्टेंबरात टीव्हीवाले ओरडायला लागले. तिकडं युरोपात जमिनीखाली शास्त्रज्ञ कसलंसं यंत्र उद्या चालू करणार आणि पृथ्वी गडप होणार. अख्ख्या भोरात दुसरा विषय नव्हता. रमजानचे दिवस. लियाकतभाई दुपारीच गॅरेज बंद करून घरी आले आणि म्हणाले, लेकीशी कहासुना माफ करून येतो, बोलल्याचाल्याचं मनात नको, मग उद्या काय व्हायचं ते होऊ दे. फौजियाला वाटलं, हे टीव्हीवाले मेले खोटारडे, पण अल्ला त्यांचं भलं करो.

लियाकतभाई उठले आणि पायरीवर थांबले. फौजिया हायस्कुलात विज्ञान शिकवायची.

"तू शिकल्याली. खरंच बुडनार का गं जग उद्या?"

फौजियाला कळलं, खरं सांगितलं तर हे जायचे नाहीत. तोंडात रोजा, खोटं कसं बोलायचं? त्यात सकाळीच तिनं वर्गातल्या रडणाऱ्या पोरींना 'काही होत नाही' म्हणून दटावून गप्प केलं होतं. मग तिनं पाल्हाळ लावलं. वाटलं, ऐकून कंटाळतील आणि चालू लागतील. सांगू लागली, की सगळं काही बारीक कणांचं बनलंय, पण त्या कणांना वस्तुमान येतं कुठून? शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की सगळीकडं न दिसणारा चिखल भरलाय. जो कण त्यात रुततो तो जड. जो अलगद निसटतो तो उजेडाच्या कणासारखा, त्याला वस्तुमानच नाही. आता चिखल दिसत नाही, तर आहे कशावरून? म्हणून कणांची जोरात टक्कर लावायची आणि चिखलाचा एखादा शिंतोडा उडतो का ते बघायचं.

गॅरेजवाला माणूस, एका दमात समजला. उलट विचारलं, अशा टकरी आजवर कधी झाल्याच नाहीत का? फौजियाला सांगावं लागलं, की आभाळातून येणारे कण याहून जोरात रोज आपल्या डोक्यावरच्या हवेला धडकतात. आणि उद्या तर टक्करही नाही, नुसते कण फिरवून बघणार आहेत. बोलता बोलता तिच्यातली मास्तरीण जागी झाली होती आणि आवरता आवरेना.

"म्हंजे उद्या काय व्हनार न्हाई?"

"न्हाई, अब्बा."

लियाकतभाई मागं फिरून ओट्यावर टेकले. फौजिया त्यांच्या गुडघ्यांशी बसली. जग राहणार आहे म्हणूनच जा, नातीचं तोंड तरी बघा, म्हणून विनवू लागली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. झुबेदाबी दारात आल्या आणि नवऱ्याला सोडून लेकीकडंच रागानं बघत राहिल्या. शिकवलं ते चुकलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

लियाकतभाई पायातल्या चपला काढत बोलले.

"टीव्हीवाले कसे असत्यात ते मला का कळत न्हाई? म्या बुडायच्या भ्यानं निघालो नव्हतो, पोरी. सात वर्सांनी त्या दारात हुबं ऱ्हायाला एक निमित्त घावलं हुतं. तू नुसतं 'काय सांगावं' म्हनली असतीस, तरी पोचलो असतो."