यादीतला पहिला नंबर

शैलाने चादरीची घडी घातली, पण उशीवरचा आईच्या डोक्याचा खळगा तिच्याने मोडवेना. इस्पितळाजवळच्या त्या धर्मशाळेचा नियम साधा होता. पेशंट गेला की नातेवाइकांनी त्याच दिवशी खोली सोडायची, कारण बाहेर फुटपाथवर प्लास्टिकच्या कागदाखाली पुढची कुटुंबं थांबलेली असत.

यादीत पहिला नंबर दुर्पदाबाईचा होता. घशाच्या कॅन्सरने खंगलेल्या नवऱ्याला घेऊन ती महिनाभर फाटकापाशी राहत होती. शैला पाणी भरायला खाली उतरली की ती रोज विचारायची, "ताई, माय कशी हाय?" उत्तर ऐकताना तिची नजर मात्र वर, सात नंबरच्या खिडकीकडे असायची.

"सात नंबर रिकामी झाली, दुर्पदाबाई. सामान घ्या," आज व्यवस्थापकांनी हाक दिली.

नवरा काठी टेकत उठला. ती वर आली आणि दारातच थबकली. शैलाने किल्ली पुढे केली, पण दुर्पदाबाईच्याने ती घेववेना.

"ताई, म्या रोज इचारत व्हते ना, ते..." तिने पदर तोंडाला लावला. "लई पाप केलं बघा म्या."

शैलाने तिचा हात ओढून किल्ली तळव्यावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"आमच्या आधी इथे शहाद्याचे एक आजोबा होते," ती म्हणाली. "त्यांच्या सुनेला मी दिवसातून दोनदा विचारायचे."