राक्षसाची तोंडं

धाकट्या बहिणीची सात वर्षांची चिमी तापाने गेली, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. बहिणीला सोबत म्हणून ताई येऊन राहिली होती. बहिणीच्या नवऱ्याला मात्र एका विनोदी, जादूच्या कादंबरीची चित्रं पुरी करून द्यायची होती.

चहा द्यायला ताई त्याच्या खोलीत डोकावली आणि दारातच थबकली. टेबलासमोरच्या बुटक्या स्टुलावर आरसा टेकवून ठेवलेला, आणि हा बाप्या त्यात बघून गाल फुगवतोय, डोळे तिरळे करतोय, जीभ बाहेर काढतोय, आणि तस्संच तोंड कागदावरच्या ढेरपोट्या राक्षसाला देतोय!

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच घेऊन ती तरातरा स्वयंपाकघरात आली.

"अगं, पोटची पोर गेली आणि तुझा नवरा आरशासमोर दात काढत बसलाय! काही वाटतं की नाही त्याला?"

ताटल्या पुसता पुसता बहिणीचा हात थांबला.



"आरसा कालच आणलाय गं, ताई. आजवर त्या स्टुलावर बसून राक्षसाची सगळी तोंडं चिमीच करून दाखवायची."