कंपनीचा हात

शिफ्ट संपल्यावर माजी हवालदार सर्जेराव निकम गेटवर थांबला. सरहद्दीवर गमावलेल्या उजव्या हाताच्या जागी कंपनीनं बसवलेला यंत्राचा हात त्यानं खांद्यापासून सोडवला आणि काउंटरवर ठेवला. हाताची बोटं हळूहळू मिटली.

अपंग कामगारांच्या हक्कांची तपासणी करायला आलेल्या प्रभुणे मॅडम बघतच राहिल्या. "हे रोज करता?"

"नोकरी लागल्यापासून. फौजेत रायफलही रोज जमाच करायचो, मॅडम. वस्तू कंपनीची."

"रायफल सरकारची होती. हात तुमचा आहे, उद्या नोकरी सोडलीत तरी. आणि तो घरी नेला म्हणून कुणी तुम्हाला कामावरून काढू शकत नाही."

मॅनेजर विम्याचं काहीतरी बोलू लागला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यांचा हात यांना द्या."

घरी शेवंतानं नेहमीप्रमाणे आमटीत भाकरी कुस्करून ताट नवऱ्यापुढं ठेवलं. सर्जेरावनं ते तिच्याकडेच सरकवलं आणि तव्यावरची अख्खी भाकरी उचलून उजव्या हातानं मोडली.

भाकरी गरम होती. बोटांना ते कळलं. इतकी वर्षं त्यांना फक्त लोखंडच ठाऊक होतं.