सहापर्यंतची राखण

"घाल कार्ड, वाइकेमावशी," आयवर म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

वाइकेनं ओळखपत्र खाचेत घातलं, पिन टाकला आणि पक्षशाखेच्या अध्यक्षपदासाठी आयवरच्या नावावर बटण दाबलं. करते काय? तिचा लेक तार्मो त्याच्याच लाकडाच्या गिरणीत कामाला. बेटावरचा निम्मा पक्ष त्या गिरणीवर जगतो. बारा वर्षं शाखेचा अध्यक्षही आयवरच, आणि बेटाचा कारभार शाखा म्हणेल तसाच चालतो. यंदा मात्र मारिका मास्तरीणबाई उभ्या ठाकल्या होत्या. आयवर पुन्हा निवडून आला तर बेटावरची शाळा बंद होणार, हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात वाइकेची तीस वर्षं गेली होती.

सकाळपासून आयवरनं अशी सतरा घरं केली होती. हे अठरावं. तो जायला उठला.

"सहापर्यंत कितीदाही मत देता येतं ना रे?" वाइकेनं विचारलं. "आणि शेवटचं तेवढं धरतात. माझं मेलं मन फार चंचल. मारिकाचा चेहरा आठवला की..."

"कार्ड मी घेऊन जातो."

"ने की! फोनवरूनही होतं म्हणतात."

"मावशी, तार्मोचा तरी विचार कर!"

"तोच करतेय. तू समोर असलास की बरोबर होतो."

अन् आयवर बसला की हो! बाकीचे आपल्याला टरकून आहेत, याची त्याला खात्री होती. घोळ घालणार तर ही म्हातारीच. वाइकेनं कॉफी ठेवली. मग काळा पाव, धुरावलेली मासळी, सफरचंदाचा केक. दोनदा तो उठला. दोनदा तिनं फोन हातात घेतला, की गडी पुन्हा खुर्चीत! काय धीराची बाई! सहाला पाच मिनिटं कमी असतानाही विचारत होती, "अजून एक तुकडा?"

सहा वाजले. थोड्याच वेळात निकाल पडद्यावर आला. मारिका एकवीस, आयवर दोन.

"सतरा घरांत मी स्वतः समोर उभा होतो!" आयवर ओरडला. "सगळ्यांनी माझ्यादेखत दाबलं होतं!"

"हो, पण दुपारभर तू इथे होतास."

त्यानं आकडे पुन्हा वाचले. "दोनातलं एक माझं. दुसरं कुणाचं?"

वाइके बशा गोळा करू लागली. "अरे, माझं. राखत बसला होतास ना!"