जीप सुरू झाली तेव्हा

चावी फिरवल्यावर जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तिला वाटलं होतं, बया दहा वेळा तरी नखरे करेल. पण इंजिन एकदा खाकरलं, निळसर धुराचा लोट अर्ध्या ओढलेल्या शटरखालून बाहेर गेला आणि मग ते अशा काही लयीत चालू लागलं, जणू मधली तीस वर्षं भंगाराच्या आवारात त्याने नुसती डुलकीच काढली असावी.

बाबा मडगार्डवर हात ठेवून उभे होते. दुपारच्या उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांशी पडला होता आणि त्यात घासलेल्या रंगाची धूळ अजून संथ तरंगत होती.

"चालू कर की आता," ते म्हणाले. "कशाची वाट बघतेस?"

तिने चावीकडे पाहिलं, इंजिन तर चालूच होतं.

चार वर्षांपूर्वी बाबांचे कान गेले. त्याआधी गाडीचं दुखणं नुसतं ऐकून सांगणारा माणूस म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर त्यातून त्यांना फक्त शिट्टी ऐकू यायची. ते त्यांनी डब्यात टाकलं आणि गॅरेजला यायचंच सोडलं. गॅरेज तिच्या अंगावर पडलं, ते तिने निभावलंही. पण ज्या जातीच्या जीपवर बाबा काम शिकले, तसलीच एक भंगारातून आणून दोन वर्षं तिने जिवाचं रान केलं, ते या एकाच आशेवर. कानांना नाही तर नाही, निदान हातांना तरी ही गाडी ऐकू येईल.

आणि नेमका तिथेच घोळ झाला. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं तिने नवीकोरी, पारखून पारखून बसवली होती. सगळी थरथर त्यांच्यातच जिरत होती. काम इतकं चोख झालं होतं की मडगार्डपर्यंत काही पोचतच नव्हतं.

"चालू आहे, बाबा," ती ओठ मोठे करून म्हणाली आणि बोट गोल फिरवून दाखवलं.

बाबांनी बॉनेट उघडून मागे टाकलं. पंखा फिरत होता. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. "छान झालीय," ते शेवटी म्हणाले.

तिला ते फार लागलं. छान पाहुणे म्हणतात. बाबांनी उभ्या आयुष्यात कुठल्या गाडीला छान म्हटलं नव्हतं.

उघडं इंजिन समोर असताना त्यांच्याच्याने गप्प मात्र उभं राहवेना. भिंतीवरचा हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्यांनी काढला. कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा आवळावा असं काहीतरी मनात असावं. बाह्या वर करायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून गॅरेजमधला कुणीही करतो तेच त्यांनी केलं, मूठ दातांत धरली. कान गेले तरी दात अजून सगळे स्वतःचे होते. तसेच ते पुढे वाकले आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकलं.

वाकले ते वाकलेलेच राहिले. एक बाही वर, एक खाली. कंबरेत उसण भरली असं वाटून ती धावली, पण बाबांनी न बघताच तळहात वर केला. थांब.

मग त्यांनी ते टोक अलगद उचललं आणि थोडं पुढे टेकवलं. पुन्हा उचललं, पुन्हा पुढे. डोळे मिटलेले होते. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या आणि चेहरा झोपेतल्या माणसासारखा मोकळा झाला. उन्हाचा पट्टा त्यांच्या गुडघ्यांवर चढला, शटरखालून एक मांजर आत डोकावून गेलं, तरी ते तसेच. किती वेळ गेला कोण जाणे. तिला हलायचीही भीती वाटत होती.

बाबांनी मूठ दातांतून काढली.

"तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाजतोय," ते म्हणाले. "टॅपेट ढिलं ठेवलंस. कुणाच्या हाताखाली शिकलीस तू?"

कामात खोट काढली म्हणून इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. तिने उलट्या हाताने डोळे पुसले आणि गालाला ग्रीस फासून घेतलं.

"बंद कर ते," बाबा म्हणाले.

इंजिन थांबलं. बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं पातं बाहीला पुसलं, नीट, दोन्ही बाजूंनी. मूठ परत दातांत धरली आणि टोक तिच्याकडे करून ते वाट बघत उभे राहिले.

इंजिनासारखंच आपल्यालाही ते दातांतून ऐकणार, हे तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने ते टोक धरून आपल्या हनुवटीच्या हाडावर दाबलं.

चार वर्षं ती त्यांच्याशी फरशीवर खडूने लिहून बोलत आली होती. लिहिण्यासारखं नव्हतं असं कितीतरी मनात साठलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य हाताशी येईना. म्हणून तिने आकडे मोजायला सुरुवात केली, आणि तेही सिलिंडर पेटतात त्या क्रमाने. लहानपणी बाबांच्या मांडीवर ती तसेच शिकली होती आणि त्यावरून पहिलीच्या बाईंची बोलणीही खाल्ली होती.

"एक, तीन, चार, दोन," ती म्हणाली. "एक, तीन, चार, दोन."

बाबांनी मूठ बाहेर काढली.

"आवाज आईवर गेला गं तुझा," ते म्हणाले, आणि मूठ घाईघाईने परत दातांत धरली.