शलाका मधेच का जाते

ढुंढिराजशास्त्र्यांनी डोळे घट्ट मिटून पोथीत पुन्हा एकदा चांदीची शलाका खुपसली, आणि बकुळनं त्या जागी बेलाचं पान ठेवलं.

रामघाटावरच्या पाठशाळेची रीतच तशी. परीक्षकानं न बघता पोथीत शलाका घालायची. जे पान निघेल ते विद्यार्थ्यानं तोंडपाठ म्हणायचं, अर्थ सांगायचा. उद्या नीलकंठची पाळी होती. पास झाला, तर अध्यापकाची जागा त्याची. परीक्षक मात्र त्याचे वडील, शास्त्रीबुवाच.

“डोळे मिटले की झालं. त्यात कसला पक्षपात?” सकाळी शास्त्रीबुवा म्हणाले होते.

“अण्णा, डोळे मिटतात. हात कुठे मिटतो?” कॉलेजात गणित शिकणारी लेक बकुळ म्हणाली, आणि तेव्हापासून हा खेळ चालला होता.

आता त्यांनी डोळे उघडले. बेलाची सगळी पानं पोथीच्या मध्यावर दाटीवाटीनं बसली होती. आरंभी एक नाही, शेवटी एक नाही.

“अरेच्चा.” शास्त्रीबुवा पोथीवर ओणवे झाले. “असं का होतं गं?”

“होणारच. सरकार पिकाचा अंदाज काढतं ना, तिथेही हेच. कारकुनाला म्हटलं, कुठलंही शेत बघून ये, की तो सडकेकाठचंच बघून येतो. म्हणून आता सगळ्या शेतांच्या चिठ्ठ्या टाकतात.” तिनं पोथीच्या पानांचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या लोट्यात घालून खळखळ हलवल्या. “उद्या शलाका नको. यातून काढा. पहिलं पान, शेवटचं पान, सगळी सारखीच.”

कोपऱ्यातल्या चटईवर घोकत बसलेला नीलकंठ मधेच थांबला.

“बकुळ, रहने दो ना,” तो म्हणाला. “इथे सगळे मधलंच पाठ करतात. पूर्वीपासून.”

शास्त्रीबुवांनी रागवायला तोंड उघडलं, पण कुतूहल आवरेना. लोट्यात हात घालून त्यांनी स्वतःसाठीच एक चिठ्ठी काढली. शेवटून तिसरं पान.

डोळे मिटून त्यांनी पहिलं पद म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं आठवेना. मग खालून, मुन्शी घाटाकडे निघालेल्या नावाड्याची हाक घरात अगदी स्पष्ट ऐकू आली.

बकुळ मान वर न करता बेलाची पानं वेचत राहिली.

“परीक्षा महिनाभर पुढे,” शास्त्रीबुवा म्हणाले. पोथी उचलून ते कोपऱ्यातल्या चटईपाशी गेले.

“नीलकंठ, सरक जरा.”