हिरवा लोखंड्या

“बाकी सगळं फर्स्ट क्लास आहे, आजी. पण रंग साफ चुकलाय,” परीक्षक म्हणाला.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पायात गमबूट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर लाल झगा. “पाठीला पडदा बांधून फिरणाऱ्याने मला रंग शिकवू नये,” त्या म्हणाल्या. “आणि आजी तुझी घरी असेल.”

परीक्षक हसला. अंतराळाच्या मालिकांचं वेड लागलेल्यांचा तो वार्षिक मेळावा होता, आणि अख्ख्या हॉलमध्ये धड कपड्यांतलं माणूस शोधून सापडत नव्हतं. कुणी तोंडाला निळा रंग फासलेला, कुणाला डोक्यातून शिंगं फुटलेली. हे सगळे म्हणे चांगले नोकरीधंद्याचे, बायकापोरांचे लोक. बाईंच्या मते एकेकाला धरून आंघोळ घालायला हवी होती.

पण आज त्या स्वतःच तिथल्या स्पर्धेत टेबल मांडून बसल्या होत्या. मागे उभा होता लोखंड्या, एका जुन्या टीव्ही मालिकेतला यंत्रमानव, माणसापेक्षा हातभर उंच. पत्र्याच्या टाक्या, डबे, नरसाळी करण्यात बाईंची हयात गेली होती. लोखंड्याचा एकेक सांधा त्यांनी स्वतः जुळवला होता आणि घासून असा बुजवला होता, की बोट फिरवलं तरी लागू नये. छातीवरची बटणं, मानेची चकती, गुडघ्यांच्या वाट्या, सगळं मालिकेबरहुकूम. आणि डोक्यापासून टाचेपर्यंत रंग पोपटी हिरवा.

“मालिकेतला चंदेरी होता,” परीक्षक समजुतीने म्हणाला. “ते बघा ना.”

समोरच्या रांगेत लोखंड्येच लोखंड्ये उभे होते. कुणी पुठ्ठ्याचा, कुणी प्लॅस्टिकचा, पण सगळे चंदेरी. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

“जेवणानंतर अंतिम फेरी आहे. तेवढा रंग बदललात तर पहिलं बक्षीस तुमचंच. असाच ठेवलात तर मला बाद करावा लागेल.” झगा सावरत तो पुढे गेला.

टेम्पो चालवत आलेला जावई मागेच बसला होता. तो उठला, कुठेतरी जाऊन चंदेरी स्प्रेचा डबा घेऊन आला.

“आई, आत्ता मारून टाकतो. लगेच वाळतो हा.”

“ठेवा तो खाली.”

“अहो, पहिलं बक्षीस मिळालं की स्टेजवर बोलावतील, माइकवरून तुमचं नाव घेतील. दादा इथेच कुठेतरी आहे, त्याच्या कानावर जाईल. त्याच्यासाठीच आलोय ना आपण?”

दादा म्हणजे बाईंचा मुलगा. या वेडापायीच तो घराबाहेर पडला होता. त्याच्या होणाऱ्या सासरची माणसं जेवायला बसली असताना बाई सगळ्यांदेखत बोलून गेल्या होत्या, “आमचा हा घोडा अजून डबे जोडून खेळतो. लग्नात त्याला खुळखुळा द्या.” पाहुणे पोट धरून हसले. मुलगा ताटावरून उठला तो उठलाच. लग्नही बाहेरच्या बाहेर उरकलं. त्याने फोन केला नाही आणि बाईंनीही केला नाही. बोटं काय मलाच दिलीत देवाने, असं त्यांचं म्हणणं. तो दर वर्षी या मेळाव्याला येतो, एवढी खबर लेकीकडून मिळाली होती. म्हणून बाई आल्या होत्या. पण हॉलभर त्याला हुडकत हिंडायची त्यांची तयारी नव्हती. त्याने यावं. आपल्या पायांनी यावं.

जावयाने मोबाईलवर मालिकेतला फोटो काढून पुढे धरला. “बघा तरी. चंदेरीच आहे.”

“माझे डोळे शाबूत आहेत.”

“मग हट्ट कसला?”

“जावईबापू, त्या डब्याचं टोपण उघडलंत, तर जाताना टेम्पोत मी आणि लोखंड्या बसू. तुम्ही चालत या.”

जावयाने कपाळाला हात लावला. या ताठ्यापायी मुलगा गेला, आता बक्षीसही जाणार, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

येणारेजाणारे थांबून हसत होते. शिंगं लावलेला एकजण म्हणाला, “याला शेवाळं धरलंय वाटतं.”

“आधी तुझं शिंग सरळ कर. कानावर उतरलंय.”

जेवणं झाली. अंतिम फेरीची नावं पुकारली गेली. त्यात लोखंड्ये पुष्कळ होते, हिरवा नव्हता. जावई लोखंड्याला टेम्पोत बांधायचा दोर सोडवायला बसला. बाई ताठ बसून होत्या. टेबलाची कड मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

समोरून एक दाढीवाला आला. अंगावर राखाडी डगला, त्याला वायरी लोंबत असलेल्या. चंदेरी रांगेवरून तो सरळ चालत आला, एकाकडेही मान वळवली नाही. बाईंच्या टेबलावरूनही तसाच पुढे गेला. मग थबकला. मागे आला आणि लोखंड्यासमोर उभा राहिला. त्याने खांद्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं. जावयाच्या हातातला दोर गळून पडला.

“त्याचा रंग चुकलाय, साहेब,” मागून जाणारा परीक्षक म्हणाला. “मालिकेत चंदेरी होता.”

“मालिकेत असेल,” दाढीवाला म्हणाला. “लहानपणी आमच्या टीव्हीची ट्यूब बिघडली होती. आमच्याकडे बातम्या देणारी बाईसुद्धा हिरवी असायची.” तेव्हा कुठे त्याने बाईंकडे पाहिलं. “आई, अगं, हा चंदेरी होता, हे तुला कुणी सांगितलं नाही?”

बाईंनी पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“चंदेरी तिकडे ढीगभर उभे आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यातल्या एकापाशी तरी थांबलास का?”